दहा प्लॉटवरून अख्ख्या मंडळाचं सोयाबीन कसं काय मोजतात? (पीक कापणी प्रयोगामागचं गणित)

ओढ्याकाठचा (प्रश्न)

नमस्कार सगळ्यांना. मी लातूर जिल्ह्यातला, घरचं सोयाबीन आणि थोडी तूर. प्रश्न पीक विम्याचा आहे पण मी इथे तक्रार मांडायला आलेलो नाही, मला त्यामागचं गणित नीट समजून घ्यायचंय, कारण पारावर बसलं की प्रत्येक जण वेगळंच सांगतो आणि मला कुणाचंच धड पटत नाही.

२०२५ च्या खरिपापासून एक रुपयावाला विमा बंद झाला, आता आपण २ टक्के हप्ता भरतो, आणि ते स्थानिक आपत्ती, ७२ तासात कळवा, वैयक्तिक पंचनामा वगैरे जे होतं तेही राज्याने काढून टाकलं. म्हणजे आता खेळ मुख्यतः पीक कापणी प्रयोगावर आला, म्हणजे चिठ्ठीने निवडलेल्या शेतातला छोटा प्लॉट कापून त्यातलं धान्य मोजायचं. महसूल मंडळाचं (म्हणजे काही गावांच्या गटाचं) सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या, म्हणजे मागच्या वर्षांवरून ठरवलेल्या पातळीच्या, खाली गेलं तर विमा भरलेल्या सगळ्यांना मिळणार आणि नाही गेलं तर कुणालाच नाही, मग तुमच्या शेतात काही का होईना.

आता बघा, आमच्या मंडळात सोयाबीन हजारो हेक्टर. प्रयोग किती, तर दहा. एक प्लॉट १० मीटर बाय ५ मीटर म्हणजे अर्धा गुंठा. दहाचे मिळून जेमतेम पाच गुंठे! पाच गुंठ्यावरून हजारो हेक्टरचा निकाल लावायचा हे कुठल्या शास्त्रात बसतं? शेकडा एक टक्का तरी क्षेत्र मोजायला नको का?

दुसरं, माझी चुलत बहीण बीएस्सीला आहे, तिला स्टॅटिस्टिक्सचा पेपर आहे. तिने एक्सेलमध्ये करून दाखवलं पण स्टँडर्ड डेव्हिएशन काढताना दहा प्लॉट असून नऊनेच भागायचं म्हणाली. का, तर सूत्र तसं आहे. हे काय उत्तर झालं का?

तिसरं आणि खरं दुखणं हे की आमचा ओढ्याकाठचा पट्टा पूर्ण पाण्यात गेला, शेंगा झाडावरच उगवल्या, आणि त्या पट्ट्यात एकही प्रयोग पडला नाही. सगळे माळाच्या बाजूला. गावात सगळे म्हणतायत मुद्दाम केलं. मला विचारायचंय की हे निव्वळ योगायोगाने होऊ शकतं का, आणि होऊ शकत असेल तर किती शक्यता असते? आकड्यात सांगा कुणीतरी.

---

गणितवाली_ताई

दादा, प्रश्न छान सविस्तर मांडलाय. मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते, माझ्या परीने लिहिते, जरा लांबेल.

आधी टक्केवारीचं डोक्यातून काढून टाका. किती टक्के क्षेत्र मोजलं याने अंदाजाच्या अचूकतेत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. दोन हजार हेक्टरातून दहा प्लॉट उचला की वीस हजार हेक्टरातून, शेताशेतातला चढउतार सारखाच असेल तर चूक तेवढीच येते. फरक पडतो तो दोनच गोष्टींनी, एक म्हणजे शेताशेतात उत्पन्न किती कमीजास्त आहे आणि दुसरं म्हणजे प्लॉट किती घेतले. म्हणूनच केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना पाहिल्या तर महसूल मंडळाला किमान १० प्रयोग, तालुक्याला १६ आणि जिल्ह्याला २४. जिल्हा मंडळाच्या कितीतरी पट मोठा, पण प्रयोग अडीच पटही नाहीत. टक्केवारीने विचार केला तर हे वेडगळ वाटतं पण गणित तसंच आहे.

आता प्रत्यक्ष करून बघू. आकडे मी मनाचे घेते, फक्त समजण्यासाठी. समजा दहा प्लॉटमधून मळणी करून सोयाबीन निघालं असं (किलोत): ७.२, ४.१, ६.५, ५.८, ३.०, ८.१, ५.५, ६.९, ४.६, ६.३. बेरीज ५८, सरासरी ५.८ किलो. प्लॉट ५० चौरस मीटरचा आणि हेक्टर १०,००० चौरस मीटरचं, म्हणून २०० ने गुणायचं. झाले हेक्टरी ११६० किलो. जाहीर होतो तो एवढाच एक आकडा.

पण हा आकडा म्हणजे मंडळाचं खरं उत्पन्न नव्हे, त्याचा अंदाज आहे. त्याच दिवशी त्याच मंडळात दुसरे दहा प्लॉट निघाले असते तर कदाचित १०७० आलं असतं, आणखी दहा घेतले असते तर १२५०. खरं उत्पन्न एकच आहे, ते हलत नाही, अंदाज हलतो. किती हलतो ते मोजायचं साधन म्हणजे स्टँडर्ड एरर. वरच्या दहा आकड्यांचं प्रत्येकाचं सरासरीपासूनचं अंतर काढा, वर्ग करा, बेरीज येते २१.४६, तिला ९ ने भागा, वर्गमूळ घ्या, १.५४ किलो. हे झालं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे एकेक प्लॉट किती इकडेतिकडे जातो. सरासरी त्यापेक्षा कमी हलते कारण एक प्लॉट वर गेला तर दुसरा खाली येतो, म्हणून १० च्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६ ने भागायचं. ०.४९ किलो, हेक्टरी साधारण ९८ किलो.

दहाच प्लॉट आहेत म्हणून टी टेबलमधून (लहान सॅम्पलसाठीचा तक्ता) २.२६ घ्यायचं (मोठ्या सॅम्पलला १.९६ चालतं), ९८ गुणिले २.२६ म्हणजे २२१. तर ९५ टक्क्यांची रेंज निघते ९३९ ते १३८१ किलो. तुम्हाला वाटतं तसं दहा प्लॉट म्हणजे निव्वळ थट्टा नाही, पण ११६० हा आकडा दगडावरची रेघही नाही.

रेंजचा अर्थ मात्र जपून घ्या. ९५ टक्के म्हणजे "खरं उत्पन्न या रेंजमध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के" असं बरेच जण म्हणतात, माझे विद्यार्थी तर दरवर्षी पेपरात लिहितात. खरं उत्पन्न एक ठरलेला आकडा आहे, तो या रेंजमध्ये आहे किंवा नाही. ९५ टक्के ही खात्री पद्धतीची आहे: याच रीतीने पुन्हापुन्हा दहा-दहा प्लॉट काढून दर वेळी रेंज काढली तर शंभरातल्या साधारण ९५ रेंजमध्ये खरा आकडा सापडेल. आपल्या वाट्याला कुठली रेंज आली ते कळायला मार्ग नाही.

आणि चूक निम्मी करायची तर प्लॉट दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात, दहाचे चाळीस. वर्गमुळाचा हा हिशोब सरकारी यंत्रणेला फार महाग पडतो.

आता नऊने का भागायचं. बहिणीला हे करून दाखवा, सूत्रापेक्षा लवकर कळेल. समजा जगात दोनच प्रकारची शेतं, अर्धी ४ किलोची, अर्धी ६ किलोची. खरी सरासरी ५, प्रत्येक शेत त्यापासून १ ने दूर, म्हणून खरा व्हेरियन्स (अंतरांच्या वर्गांची सरासरी) १. आता यातून दोन-दोन प्लॉटचं सॅम्पल घ्या. चारच गोष्टी होऊ शकतात: (४,४), (४,६), (६,४), (६,६), चारींची शक्यता सारखी. प्रत्येक सॅम्पलमध्ये त्याच सॅम्पलच्या सरासरीपासून अंतरांचे वर्ग काढून बेरीज करा, येतात ०, २, २, ०. दोनने भागलं तर ०, १, १, ०, चारींची सरासरी ०.५, खऱ्याच्या निम्मी! एकने भागलं तर ०, २, २, ०, सरासरी बरोबर १. कारण असं की सॅम्पलची सरासरी त्याच आकड्यांतून निघते, ती नेहमी त्या आकड्यांच्या मधोमध जाऊन बसते, त्यामुळे अंतरं खऱ्यापेक्षा कमी दिसतात. एकने कमी भागलं की ती तूट भरून निघते.

तिसऱ्या प्रश्नाचं रात्री लिहिते, लेक्चरची वेळ झाली.

---

माळरान

ताईंनी एवढं लिहिलं पण आपल्या आज्या एका वाक्यात सांगायच्या, शितावरून भाताची परीक्षा. पातेलं केवढं का असेना, दोन शितं दाबली की कळतं.

---

शिवारफेरी

माळरान भाऊ, पातेल्यातला भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो, म्हणून दोन शितं पुरतात. मंडळात काळी जमीन वेगळी, मुरमाड वेगळी, एकाने १५ जूनला पेरलं एकाने जुलैत, कुणाचं टोकण कुणाचं पेरणीयंत्र. तिथे कुठलं शीत उचललं याला महत्त्व येतं, आणि ताईंनी जे लिहिलं ते सगळं एका अटीवर उभं आहे की शीत आपण निवडलेलं नाही, चिठ्ठीने निघालंय. मी कृषी खात्यात क्षेत्रावर काम केलेला माणूस, म्हणून ही बाजू जरा सविस्तर सांगतो, कारण ही कधी लिहिली जात नाही.

निवड अशी होते. आधी मंडळातली गावं रँडम निघतात, तीही हंगामाआधी. मग गावातले गट नंबर रँडम नंबरनी निघतात. मग निवडलेल्या शेतात जाऊन नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, लांबी पावलांनी मोजायची, रुंदी पावलांनी मोजायची, रँडम नंबरच्या तक्त्यातून दोन आकडे घ्यायचे, तेवढी पावलं लांबीत जायचं, तेवढी रुंदीत आत जायचं, जिथे पाय थांबेल तिथे पहिली खुंटी. तिथून १० बाय ५ चा चौकोन टेपने आखायचा, कर्ण मोजून काटकोन बघायचा, दोरी ताणायची. पाय थांबेल तिथे पीक पिवळं पडलेलं असलं, गवत माजलेलं असलं तरी तिथेच. हे "तिथेच" फार महत्त्वाचं आहे. शेतकरी म्हणतो साहेब इथे काहीच नाही तिकडे घ्या, कंपनीचा माणूस म्हणतो इथे फारच खराब आहे थोडं सरकू, आणि दोघांपैकी कुणाचंही ऐकलं की प्रयोग संपला, उरलं फक्त वजन.

आता चूक दोन जातीची असते. एक ताईंची, ती कधी वर कधी खाली, प्लॉट वाढवले की कमी होते. दुसरी एकाच बाजूला झुकलेली, तिला बायस म्हणतात, आणि ती दहाचे हजार प्लॉट केले तरी एक दाणाही कमी होत नाही. रस्त्याच्या कडेची शेतं सोयीची म्हणून तीच घेतली तर हजार प्लॉटही रस्त्याकडेचंच उत्पन्न सांगतील, अगदी अचूकपणे चुकीचं.

बायस कुठून शिरतो त्याची एक जागा दाखवतो. सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सेंटीमीटर. प्लॉटची ५ मीटर बाजू ओळींना आडवी आली तर आत ओळी बसतात ११, बाराव्या ओळीवर दोरी घासून जाते. ती ओळ आत धरायची की बाहेर? कापणाऱ्या बाईचा हात साहजिकच आत ओढतो, उभं पीक सोडवत नाही. ११ च्या १२ ओळी झाल्या की उत्पन्न ९ टक्क्यांनी वाढलं, तेही कुणाच्या मनात काही पाप नसताना! आणि हे दर प्लॉटला एकाच दिशेने होतं.

याच कडेच्या झाडांवरून आपल्याकडे मोठा वाद झालेला आहे, फार जणांना माहीत नाही. रँडम पद्धतीने भाताची कापणी करून उत्पन्न काढायचं काम हबक नावाच्या अधिकाऱ्याने बिहार-ओरिसात १९२० च्या दशकात केलं. पुढे कलकत्त्यात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी बंगालमध्ये तागाचे आणि भाताचे मोठे सर्व्हे केले, त्यांचं म्हणणं प्लॉट लहान ठेवा, स्वस्त पडतात, मग पुष्कळ घेता येतात. दुसऱ्या बाजूला दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत डॉ. पां. वा. सुखात्मे, आपले सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, फर्ग्युसनमध्ये शिकून लंडनला जाऊन आलेले. सुखात्म्यांनी आणि त्यांच्याबरोबर पानसे यांनी वेगवेगळ्या आकाराचे प्लॉट एकाच पिकात घेऊन दाखवलं की प्लॉट जितका लहान तितकं उत्पन्न फुगून येतं, कारण लहान प्लॉटला क्षेत्राच्या मानाने कड फार असते. तुम्हीच हिशोब करा, चारी बाजूंनी ५ सेंटीमीटरची पट्टी चुकून आत आली तर १० बाय ५ च्या प्लॉटचं क्षेत्र होतं ५१.५१ म्हणजे ३ टक्के जास्त. तीच चूक १ बाय १ मीटरच्या प्लॉटला केली तर १.२१, म्हणजे २१ टक्के जास्त. आपण आज ५० चौरस मीटरचा प्लॉट आखतो त्यामागे हा विचार आहे, आणि दोरी ताणताना मला तरी कायम बुधच्या त्या माणसाची आठवण येते. ज्या माणसाने पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत जाऊन जगाच्या भुकेचा हिशोब मांडला त्याचं नाव आपल्या शेतकऱ्याला माहीत असायला हवं.

बाकी वजन, ओलाव्याची घट, मळणीत उडालेले दाणे हेही आहेच पण ते सगळ्यांना दिसतं, त्यात जात नाही.

---

आकडेमोड_पुणे

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून बरं वाटलं. मी विम्याच्या आकडेमोडीतच काम करतो, पीक विम्यात नाही पण सूत्र सारखंच. ताईंचेच दहा प्लॉट घेऊन भरपाईपर्यंत जातो, कारण अंदाजातली चूक पैशात कशी उतरते ते बघितल्याशिवाय तिची किंमत कळत नाही.

सूत्र साधं: उंबरठा उत्पन्न वजा प्रत्यक्ष उत्पन्न, भागिले उंबरठा उत्पन्न, गुणिले विमा संरक्षित रक्कम. प्रत्यक्ष जास्त असेल तर शून्य. समजा उंबरठा १२०० किलो, रक्कम हेक्टरी ५०,००० (दोन्ही धरून चाललेले आकडे). ११६० आलं तर तूट ४० किलो, ३.३३ टक्के, हेक्टरी साधारण १६६७ रुपये. ताईंच्या रेंजच्या खालच्या टोकाला ९३९ आलं असतं तर १०,८७५ रुपये. वरच्या टोकाला १३८१, शून्य. एकाच मंडळाच्या, एकाच हंगामाच्या, तितक्याच प्रामाणिकपणे काढलेल्या अंदाजातून शून्य ते जवळजवळ अकरा हजार.

अजून एक बघा. दहातला सगळ्यात कमी प्लॉट ३ किलोचा होता. तो जर ५ किलोचा निघाला असता, बाकी नऊ जसेच्या तसे, तर बेरीज ६०, सरासरी ६, हेक्टरी बरोबर १२००. भरपाई शून्य, सगळ्या मंडळाला. एका अर्ध्या गुंठ्यातले दोन किलो दाणे! म्हणून शिवारफेरी यांनी बाराव्या ओळीचं जे लिहिलंय ते बारीकसारीक समजू नका कुणी.

आता एक गोष्ट जी पहिल्यांदा ऐकली की खोटी वाटते. अंदाजात बायस अजिबात नाही असं धरू, म्हणजे सरासरीने तो बरोबर खऱ्यावर येतो. तरी त्यावरून काढलेली भरपाई सरासरीने बरोबर येत नाही. समजा मंडळाचं खरं उत्पन्न नेमकं १२००, म्हणजे खरं तर भरपाई शून्य. पण अंदाज अर्ध्या वेळा खाली येणार आणि तेव्हा पैसे मिळणार, अर्ध्या वेळा वर जाणार आणि तेव्हा शेतकऱ्याकडून परत कुणी घेत नाही. ९८ किलोचा स्टँडर्ड एरर धरला तर सरासरीने ३९ किलोची तूट दिसते, म्हणजे हेक्टरी सोळाशेच्या आसपास. उंबरठ्याच्या जवळ असलेल्या मंडळात हा डळमळीतपणा शेतकऱ्याच्या बाजूने जातो. उलट बाजू अशी की खरं उत्पन्न ११०० असेल, भरपाई नक्की देय असेल, तरी साधारण १५ टक्के वेळा अंदाज १२०० च्या वर जाऊन मंडळ कोरडं राहतं. ज्याचं त्या वर्षी कोरडं राहिलं त्याला सरासरीचं काय सांगणार. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की प्लॉट वाढवण्यावर खर्च करणं हा शेतकरी आणि कंपनी दोघांच्याही हिताचा खर्च आहे.

उंबरठा सुद्धा अंदाजच आहे हे कुणी बोलत नाही. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घेऊन सरासरी काढतात आणि जोखीमस्तराने (सरासरीच्या किती टक्क्यांपर्यंत विमा संरक्षण आहे तो आकडा) गुणतात, आपल्याकडे ७० टक्के. सातातली वरची पाच निवडली की सरासरी मुळातच वर सरकते, उत्पन्न साधारण नॉर्मल पद्धतीने विखुरलेलं धरलं तर ०.४२ स्टँडर्ड डेव्हिएशन एवढी. वर्षावर्षातला फरक ३०० किलोचा असेल तर सव्वाशे किलो. पण नंतर ७० टक्क्यांची कात्री लागते आणि ती यापेक्षा फार मोठी असते, म्हणून एवढं नुकसान होऊनही उंबरठा ओलांडला जात नाही असं दरवर्षी वाटतं. तो राग प्रयोगांवर निघतो, खरं कारण बऱ्याचदा हा ७० असतो.

---

ओढ्याकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार, बहिणीला पण वाचायला दिलं, ते ४ आणि ६ वालं तिने वहीत करून पाहिलं आणि आता तीच मला समजावतेय. बाराव्या ओळीचं वाचून तर वाटलं पुढच्या वेळी प्रयोगाला स्वतः हजर राहायचं.

पण ताई माझा तिसरा प्रश्न राहिला. आमच्या मंडळातलं साधारण पाचवा हिस्सा सोयाबीन ओढ्याच्या पट्ट्यात असेल असं धरा. दहातला एकही प्रयोग तिथे न पडणं हे चिठ्ठीने होऊ शकतं का मुद्दामच म्हणायचं?

---

गणितवाली_ताई

हो, रात्रीचं लिहिते म्हणून दोन दिवस गेले, पेपर तपासणी चालू आहे.

आधी सोपा हिशोब. एक प्लॉट ओढ्याच्या पट्ट्यात न पडण्याची शक्यता ०.८. दहाही प्लॉट एकमेकांशी संबंध नसलेले असते तर दहाच्या दहा बाहेर पडण्याची शक्यता ०.८ चा दहावा घात, ०.१०७. म्हणजे साधारण ११ टक्के, नऊ-दहा मंडळांत एखाद्या ठिकाणी हे आपोआप होणारच. उलट बाजूने चार किंवा जास्त प्लॉट तिथे पडण्याची शक्यताही १२ टक्के आहे, तेव्हा पट्टा दुप्पट मोजला गेला असता आणि भरपाई फुगली असती, पण त्या मंडळातून कुणी तक्रार करत नाही, त्यामुळे आपल्या कानावर एकाच प्रकारची मंडळं येतात. राज्यात शेकडो महसूल मंडळं आहेत, ज्यांच्या बाबतीत असं झालं तेच बोलणार, आणि प्रत्येकाला वाटणार आपल्याच बाबतीत का.

पण शिवारफेरी दादांनी एक गोष्ट लिहिली ती मला इथे फार महत्त्वाची वाटते. प्लॉट थेट मंडळातून निघत नाहीत, आधी गावं निघतात, मग गावातली शेतं. समजा पाच गावं निघाली आणि प्रत्येक गावात दोन प्रयोग. आणि तुमचा ओढ्याचा पट्टा सगळ्या गावांत थोडाथोडा पसरलेला नाही, काही ठरावीक गावंच त्यात पूर्ण बुडालेली आहेत. मग चिठ्ठी दहा वेळा नाही, पाचच वेळा उडाली. ०.८ चा पाचवा घात ०.३२८. म्हणजे ३३ टक्के! तीनातल्या एका वेळी पट्टा साफ वगळला जाणार, कुणीही काहीही मुद्दाम न करता.

यामुळे माझा आधीचा स्टँडर्ड एररही जरा बदलतो. एका गावातली दोन शेतं एकमेकांसारखी असतात, सारखा पाऊस, बऱ्याचदा एकाच दुकानातलं बियाणं, म्हणून दुसरा प्लॉट पहिल्यापेक्षा फार नवीन काही सांगत नाही. दहा प्लॉटचं वजन दहाएवढं नसून कुठेतरी पाच आणि दहाच्या मध्ये असतं, आणि ९८ किलो हा आकडा प्रत्यक्षात आणखी मोठा धरावा लागेल. किती मोठा ते गावागावात किती फरक आहे त्यावर.

तेव्हा नुसत्या "एकही पडला नाही" यावरून मुद्दाम केलं असं म्हणता येत नाही, ३३ टक्क्यांची गोष्ट पुरावा होत नाही. मुद्दाम केलं नाही हेही त्यावरून सिद्ध होत नाही, हेही लक्षात ठेवा. संशय खरंच असेल तर निकालाकडे बघू नका, निवडीकडे बघा. हंगामाआधी निघालेल्या गावांची आणि गट नंबरांची यादी मागा आणि प्रयोग प्रत्यक्षात झाला तो गट नंबर तिच्याशी ताडून बघा. यादीतला गट बदलून दुसरा घेतला असेल तर कारण लिहिलेलं असायला हवं, म्हणजे त्या शेतात ते पीकच नव्हतं किंवा आधीच काढणी झाली असं काही. बदललेले सगळे गट ओढ्याकाठचे आणि त्यांच्या जागी आलेले सगळे माळाचे असतील तर मात्र तो योगायोग राहत नाही, त्याची शक्यता मी तुम्हाला काढून देईन, यादी टाका इथे, शेतकऱ्यांची नावं न देता.

---

शिवारफेरी

ताईंशी पूर्ण सहमत, यादी आधी मागा. माझी एक भर, ग्रामसभेतून ठराव द्यायचा असेल तर "प्रयोग वाढवा" एवढंच लिहू नका. त्याच पाच गावांत दोनाचे चार प्लॉट केले तर तुमचा ओढा तसाच ३३ टक्के वेळा वगळला जाईल आणि कर्मचाऱ्यांचं काम मात्र दुप्पट होईल. दहाच प्रयोग ठेवा पण दहा वेगवेगळ्या गावांत एकेक घ्या, असं मागा. जाण्यायेण्याचा खर्च वाढतो म्हणून कटकट होईल, पण ताईंच्याच हिशोबाने ३३ चे ११ होतात.

---

ओढ्याकाठचा

यादीचा अर्ज उद्याच तालुक्याला देतो. दहा गावं दहा प्लॉट, ठरावात हेच शब्द घालायला सरपंचांना सांगितलंय. गट नंबर मिळाले की इथेच टाकतो ताई.